सिरुसेरीतील ‘डेव्हलपर’ आणि आपले कर्तव्य

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी नावाचे गाव आहे. तमिळनाडू सरकारच्या ‘सिप्कॉट’ या औद्योगिक महामंडळाने तेथे माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, कॉग्निझंट, हेक्सावेअर अशा कंपन्यांची विशाल संकुले आज तेथे उभी आहेत. एकट्या टाटा कन्सल्टन्सीचे संकुल सुमारे ७० एकरांवर पसरलेले आहे. येथे धुराडे नाही, भोंगा नाही, कापसाची धूळ नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तरुण-तरुणी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतात आणि अंधार पडल्यावर परततात. बँकांचे व्यवहार, विम्याचे हिशेब, दुकानांची खरेदी-विक्री ज्या आज्ञावलींवर चालते, त्या असल्या संकुलांत लिहिल्या जातात. आपल्या हातातील मोबाईलवर जी ‘ॲप्स’ दिसतात, सामान्य माणसाला आपले लेखन चार लोकांपुढे मांडता यावे म्हणून ब्लॉगची जी साधने असतात, तीही याच जातीच्या श्रमातून तयार होतात.

या वसाहतीचा महाराष्ट्राशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. टाटा कन्सल्टन्सीचे मुख्यालय मुंबईत आहे, हेक्सावेअरचे नवी मुंबईत आहे. म्हणजे भांडवल मुंबईचे, जमीन तमिळनाडूची आणि श्रमशक्ती साऱ्या देशाची. त्या श्रमशक्तीत नागपूर, लातूर, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मराठी मुलेही आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, त्याची आठवण त्या घरांतून अजून पुसलेली नाही. नातू मात्र स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्यापैकी अनेक कार्यकर्तेही त्याला कामगार मानत नाहीत. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की तो कामगार आहे, आणि हे आपण जितक्या उशिरा ओळखू तितकी किंमत त्याला आणि साऱ्या कामगार चळवळीला मोजावी लागेल.

ही चर्चा आज का? २०२५ च्या जुलैअखेर टाटा कन्सल्टन्सीने आपले सुमारे २ टक्के, म्हणजे १२,२६१ कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत कंपनीचा निव्वळ नफा १२,७६० कोटी रुपये होता. तोट्यात गेलेल्या गिरणीच्या मालकाने टाळे ठोकावे, असा हा प्रकार नव्हता. नफा वाढत असताना माणसे कमी झाली. कंपनीच्या प्रमुखांनी याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कर्मचाऱ्यांच्या कौशल्यांचा मेळ बसत नाही, असे सांगितले. दहा-पंधरा वर्षे ज्यांच्या कौशल्यावर नफा कमावला, त्यांचे कौशल्य एका सकाळी निरुपयोगी कसे ठरते, याचा खुलासा मात्र कोणी केला नाही.

नावांचा खेळ

अनुवादाचे काम करणाऱ्याला शब्दांची चलाखी लवकर ध्यानात येते. या कंपनीत कामाला असणाऱ्याला ‘एम्प्लॉयी’ म्हणत नाहीत, ‘असोसिएट’ म्हणतात. या शब्दाचे मराठीत ‘सहयोगी’ असे भाषांतर करता येईल. परंतु हा सहयोग असा की नफ्याच्या वाटणीत सहयोगी नाही, निर्णयात सहयोगी नाही. कपात जाहीर झाली की तेवढ्यापुरता मात्र तो नोकर ठरतो. ‘डेव्हलपर’ या शब्दाची गंमत तर याहून मोठी आहे. त्याचा सरळ अनुवाद ‘विकासक’ असा केला, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गृहसंकुले बांधणारा बिल्डर उभा राहतो. सिरुसेरीतील डेव्हलपर बिल्डर नव्हे. तो गवंडी आहे. इमारत त्याच्या हातांनी उभी राहते, पण तिच्यातील एका विटेवरही त्याचा हक्क नसतो.

त्याचा पगार मोठा असतो, हा आपल्याकडील नेहमीचा आक्षेप. मोठ्या कंपन्यांत नव्याने भरती होणाऱ्या अभियंत्याला २०१० च्या सुमारास वर्षाला तीन-साडेतीन लाख रुपये मिळत. दीड दशक उलटले, घरभाडे आणि महागाई कोठच्या कोठे गेली, तरी प्रवेशाचा पगार साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळत राहिला. यातून चेन्नईतील खोलीचे भाडे, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि गावाकडील घरखर्च भागवायचा असतो. आणि समजा, काहींचा पगार खरोखरच मोठा असला, तरी पगाराच्या आकड्यावरून वर्ग ठरत नाही. जगण्यासाठी श्रमशक्ती विकण्यावाचून ज्याला दुसरा मार्ग नाही, तो कामगार, मग तो मागावर बसो वा संगणकापुढे.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम स्पष्ट शब्दांत समाविष्ट होते. पगाराची मर्यादा होती ती देखरेखीचे काम करणाऱ्यांना; तांत्रिक काम करणाऱ्याला नव्हे. असे असूनही ‘माहिती तंत्रज्ञानात युनियन चालत नाही’ हा समज मालकवर्गाने वर्षानुवर्षे पद्धतशीरपणे पसरवला. २०१४ च्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सीत बडतर्फीची लाट आली, तेव्हा चेन्नईतील कर्मचाऱ्यांनी हा समज झुगारला. जानेवारी २०१५ मध्ये एका गरोदर कर्मचारी महिलेच्या बडतर्फीला मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. पुढे २०१६ मध्ये तमिळनाडू सरकारला स्पष्ट करावे लागले की माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना युनियन स्थापण्याचा अधिकार आहे आणि औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागता येते. हा कोणाचा उपकार नव्हता. काही मूठभर तरुणांनी नोकरी पणाला लावून मिळवलेली ती मान्यता होती.

साहित्यकृती आणि तिचा अनामिक लेखक

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाच्या आज्ञावलीला ‘साहित्यकृती’चा दर्जा मिळाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि आज्ञावली एकाच पंक्तीत बसतात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे वाचून क्षणभर बरे वाटेल. परंतु त्याच कायद्याचे १७ वे कलम सांगते की नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच होय. साहित्यकृती खरी, पण लेखक बेदखल! चार वर्षे खपून ज्याने एखाद्या बँकेचे ॲप घडवले, त्याने नोकरी सोडताना त्यातील चार ओळी सोबत नेल्या तर तो चोर ठरतो.

ब्लॉगच्या साधनांच्या बाबतीत ही विसंगती अधिकच बोचते. कोट्यवधी माणसांना व्यक्त होण्याचे दालन जो उघडून देतो, त्याला स्वतःला मात्र आपल्या कंपनीतील छळाविषयी स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहिण्याची भीती वाटते. नाव उघडकीस आले तर ही नोकरी जाईल, आणि पुढची कंपनी दारातूनच परत पाठवील, ही धास्ती त्याच्या बोटांवर पहारा ठेवते. म्हणून तो टोपणनावाने तक्रार करतो, किंवा गप्प बसतो. दुसऱ्यांच्या अभिव्यक्तीची अवजारे घडवणारा हा वर्ग स्वतः मुका आहे. संघटना नसली की असेच होते. एकट्याच्या तक्रारीवर सूड घेणे सोपे असते. पाचशे सह्यांच्या निवेदनावर ते अवघड जाते.

विकले जाणारे दिवस

श्रमाचा दिवस मोजण्याची मालकाची हौस जुनीच आहे. गिरणीत भोंगा होता, येथे संगणकच हजेरी घेतो. जून २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने एक नियम लागू केला. प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षातील किमान २२५ दिवस ग्राहकाकडून बिल वसूल होणाऱ्या कामात गेले पाहिजेत. प्रकल्पाविना रिकामे राहण्याची मुभा वर्षाला फक्त ३५ दिवस. वरकड मूल्याचा सिद्धान्त शिकवण्यासाठी याहून बोलके उदाहरण शिबिरात कोणते द्यावे? ग्राहकाला विकलेला दिवस आणि कर्मचाऱ्याला मोजलेला पगार यांतील फरक म्हणजेच नफा, हे कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे. प्रकल्प मिळवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची, पण तो न मिळाल्याची शिक्षा कर्मचाऱ्याला. खाणावळीत गिऱ्हाईक आले नाही म्हणून आचाऱ्याला उपाशी ठेवण्यासारखाच हा न्याय आहे.

त्यातच कामाचे तास वाढवण्याचे प्रयत्न सर्वत्र सुरू आहेत. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेत १२ तासांच्या कामाला वाट करून देणारे विधेयक मंजूर झाले; कामगार संघटना एकजुटीने उभ्या राहिल्या आणि काही दिवसांतच, १ मे रोजी, ते मागे घेतल्याची घोषणा मुख्यमंत्र्यांना करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे ९ तास १२ पर्यंत आणि दुकाने व आस्थापनांत ९ तास १० पर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. एक निर्णय मागे गेला, दुसरा पुढे आला. फरक कशाने पडतो, हे वेगळे सांगायला नको.

रात्रपाळीचा प्रश्नही येथेच येतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिरुसेरीत रात्री कामावरून घरी निघालेल्या एका तरुण महिला अभियंत्याची हत्या झाली आणि तिचा देह काही दिवसांनी संकुलाजवळच्या झुडपांत सापडला. संकुलाच्या आत दिव्यांचा लखलखाट, बाहेरच्या रस्त्यावर अंधार. कुंपणापर्यंतची सुरक्षितता कंपनीची, कुंपणापलीकडची जिची तिची. घरापर्यंत वाहन, रस्त्यावर दिवे, रात्रपाळीला नकार देण्याचा हक्क, या मागण्या म्हणजे चैन नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. हा अभियंता केवळ स्वतः मोजला जात नाही, तो इतरांना मोजणारे यंत्रही घडवतो. जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या मुलाला किती मिनिटांत कोठे पोहोचायचे आणि उशीर झाला तर किती पैसे कापायचे, हे ॲप ठरवते; आणि ते ॲप कोणा पगारी अभियंत्याने लिहिलेले असते. एका कामगाराच्या हातून दुसऱ्याच्या गळ्यातील फास विणून घेण्याची ही रीत आहे. दोघांमधील भिंत मालकाच्या सोयीची आहे. अशा ॲपवर राबणाऱ्या कामगारांसाठी राजस्थानात २०२३ मध्ये कायदा झाला, तमिळनाडूत २०२३ च्या अखेरीस कल्याण मंडळ स्थापन झाले. त्या मुलाच्या संघटनेला ॲपच्या आतील हिशेब समजावून सांगू शकेल असा माणूस कोण? तो सिरुसेरीत किंवा हिंजवडीत बसलेला आहे.

स्वतंत्र धंद्याचे स्वप्न

‘आज नोकरी आहे, उद्या मी स्वतःचे ॲप काढीन आणि मालक होईन,’ हे स्वप्न या वर्गातील पुष्कळांना संघटनेपासून दूर ठेवते. या स्वप्नाची टिंगल करण्याचे कारण नाही. घडवण्याची ती खरी ओढ आहे. परंतु त्याचा आर्थिक पाया तपासलाच पाहिजे. मोबाईलवर ॲप विकायचे तर गूगल वा ॲपल यांच्या दुकानातून विकावे लागते, आणि ॲपमधील विक्रीवर या कंपन्या अनेक वर्षे १५ ते ३० टक्के वसूल करीत आल्या. आपल्या शेतकरी चळवळीला ही व्यवस्था अनोळखी नाही. कुळाने पिकवावे आणि जमीनदाराने खंड न्यावा, तशातलाच हा प्रकार. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स आपल्या दुकानातून काढून टाकली. त्यांत चेन्नईतच मुख्यालय असलेल्या भारत मॅट्रिमोनीचीही ॲप्स होती. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर ती परत आली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला जो जमीनदार एका दिवसात बेदखल करू शकतो, त्याच्यापुढे खोलीत बसून ॲप लिहिणाऱ्या एकट्या तरुणाची काय मातब्बरी?

भारतीय स्पर्धा आयोगाने याच दुकानाच्या व्यवहारावरून ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला सुमारे ९३६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला. दंडाचे आकडे खालीवर होतील, खंडाची पद्धत त्याने मोडत नाही. म्हणजे नोकरीतून सुटून स्वतंत्र झालेला डेव्हलपर कामगाराचा कूळ होतो, मालक होत नाही.

आपला विरोध कशाला?

आपण एके काळी संगणकाला विरोध केला, याची आठवण आपल्याला मुद्दाम करून दिली जाते. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळातील यांत्रिकीकरणाविरुद्ध विमा कर्मचाऱ्यांनी झुंज दिली. कलकत्त्याच्या इलाको हाऊससमोर दिवसरात्र पहारे बसले. त्या लढ्याचे सार यंत्रद्वेष हे नव्हते. यंत्राने वाचवलेले श्रम कोणाच्या पदरात पडणार, हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न आज आज्ञावली लिहिणारी यंत्रे आली असता पुन्हा उभा आहे, आणि या वेळी तो यंत्र घडवणाऱ्यालाच विचारावा लागत आहे. आठ तासांचे काम पाच तासांत होऊ लागले तर तीन तासांची विश्रांती मिळावी, की तिघांपैकी एकाची नोकरी जावी? यंत्र याचे उत्तर देत नाही. मालकी देते.

आणि मालकीचे दुसरे रूप शक्य आहे, याचा पुरावा याच क्षेत्रात आहे. ब्लॉग लिहिण्याचे ‘ब्लॉगर’ हे साधन १९९९ मध्ये निघाले आणि २००३ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. त्याच २००३ साली ‘वर्डप्रेस’ हे दुसरे साधन सामान्य सार्वजनिक परवान्याखाली बाहेर आले. या परवान्यानुसार त्याची आज्ञावली कोणालाही पाहता येते, बदलता येते, वाटता येते. बदलून वाटणाऱ्याला मात्र तेच स्वातंत्र्य पुढे द्यावे लागते. साधन एकाच कामाचे, श्रम एकाच प्रकारचा, पण एक खाजगी मिळकत, दुसरे सामाईक. केरळने शाळांतील संगणक शिक्षण अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आहे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे समाजवाद नव्हे; मोठ्या कंपन्याही त्यावर नफा कमावतात. पण सहकाराने, जगभरच्या अनोळखी हातांनी, मालकाविना उत्तम वस्तू घडू शकते, एवढे त्याने निःसंशय सिद्ध केले आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्यांनी दिली, त्यांना हे समजायला कठीण जाऊ नये.

आपल्यापुढील काम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करण्यात आल्या. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आता सर्वच आस्थापनांना बंधनकारक झाली. एकट्याने वाटाघाटी करू पाहणाऱ्या युनियनला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागेल. वाट अरुंद झाली आहे, बंद झालेली नाही. कपात करताना नोटीस आणि भरपाई देण्याचे, तसेच शेवटी आलेल्याला आधी काढण्याचे तत्त्व कायद्यात अजून आहे. म्हणूनच तर ‘कपात’ हा शब्द टाळून कर्मचाऱ्याकडून ‘स्वेच्छेचा’ राजीनामा लिहून घेतला जातो, असा आरोप संघटना सातत्याने करीत आल्या आहेत. दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका, सहीपूर्वी संघटनेला भेटा, हा साधा संदेश जरी प्रत्येक बसपर्यंत पोहोचला, तरी शेकडो घरे वाचतील.

युनियनच्या नोंदणीसाठी आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद पुरतात. सहा लाखांच्या कंपनीतही शंभर! तमिळनाडूत आणि कर्नाटकात सिटूशी संलग्न माहिती तंत्रज्ञान कर्मचारी संघटना काम करीत आहेत. चेन्नईच्याच दुसऱ्या टोकाला, श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यातील कामगारांनी सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवसांचा संप केला आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या युनियनची नोंदणी मिळवली. बलाढ्य परदेशी कंपनीला जे जमले नाही असे वाटत होते, ते धुलाई यंत्रे जोडणाऱ्या हातांनी तिच्याकडून करवून घेतले. आज्ञावली लिहिणारे हात त्यांच्याहून दुबळे नाहीत; ते फक्त सुटे आहेत.

मराठी भाषक सभासदांवर यात एक खास जबाबदारी येते. चेन्नई, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरीसाठी गेलेला मराठी तरुण तमिळ वा तेलुगू पत्रक वाचू शकत नाही, आणि इंग्रजी पत्रकातील कायद्याची भाषा त्याला परकी वाटते. संघटनेची पत्रके, हक्कांची माहिती, राजीनाम्याविषयीचा इशारा त्याच्या भाषेत, त्याच्या मोबाईलवर पोहोचला पाहिजे. गावाकडील शाखेने आपल्या परिसरातून कोण कोठे नोकरीस आहे याची नोंद ठेवून तेथील संघटनेशी त्याची गाठ घालून द्यावी. सुट्टीवर गावी आलेल्या मुलाला ‘साहेब झालास’ म्हणून नमस्कार करण्याऐवजी त्याच्या कामाच्या तासांची चौकशी करावी. तो प्रथम हसेल, मग बोलू लागेल. आणि हाच तरुण उद्या आपल्या चळवळीला स्वतःच्या मालकीची साधने, आपल्या भाषेतील, कोणा जमीनदाराच्या मर्जीवर न चालणारी, घडवून देऊ शकेल. कामगारवर्गाला आज त्याची जितकी गरज आहे, तितकीच त्याला कामगारवर्गाची आहे.